चहा घेणार की थंड?

अमेरिकेत बाटलीतल्या गोड, फसफसत्या पेयाला कुठे काय म्हणतात, याचे रंगीत नकाशे निघालेले आहेत. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात 'सोडा', उत्तरेच्या मधल्या राज्यांत 'पॉप', आणि दक्षिणेत बाटली कुठल्याही कंपनीची असो, 'कोक'. हार्वर्ड विद्यापीठात २००२-०३च्या सुमारास इंग्रजी बोलींची जी पाहणी झाली, तिच्यात हा प्रश्न मुद्दाम घातला होता. उत्तरं इतकी प्रदेशवार पडली की एक शब्द ऐकून माणूस कुठे वाढला याचा बराचसा अंदाज बांधता यावा. दक्षिणेतल्या 'कोक'चं कारण शोधायला लांब जावं लागत नाही; कोका-कोला १८८६ मध्ये तिथल्याच अटलांटा शहरात जन्मली. असा नकाशा महाराष्ट्राचाही काढावा, असं भाषेवर जीव असणाऱ्या कुणालाही वाटेल. तो निघेल का आणि निघाला तर काय दाखवील, यावर मात्र दोन मतं होऊ शकतात. ती दोन्ही इथे दोघांच्या तोंडी घातली आहेत: एक मराठीचे निवृत्त गुरुजी, दुसरे पुणतांबा स्टेशनाबाहेरचे कोल्ड्रिंकचे दुकानदार. माणसं कल्पित आहेत. गाव पुणतांबाच का, ते पुढे येईल.

गुरुजींचं म्हणणं असं: "भाऊ, मराठी दर बारा कोसांवर बदलते हे आपण म्हण म्हणून सांगतो, पण नोंद किती ठेवतो? भाकरीबरोबरच्या पातळ भाजीला कुठे कालवण म्हणतात, कुठे कोरड्यास, कुठे आमटी. ग्रियर्सन साहेबानं १९०५ साली मराठीचा अख्खा खंड काढला. आता डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं गावोगाव माणसं पाठवून नात्यांचे, घरगुती वस्तूंचे शब्द ध्वनिमुद्रित केले. मग बाटलीनं काय पाप केलंय? विदर्भात हिंदीच्या शेजारानं 'थंडा' म्हणतात, आपल्याकडे 'थंड', शहरात 'कोल्ड्रिंक'. महाराष्ट्राची हद्द ओलांडून तेलुगू मुलखात गेलात की 'कूल ड्रिंक' सुरू होतं, तामिळनाडूत जुनी माणसं रंगीत बाटलीला नुसतं 'कलर' म्हणतात. कोकणात कोकम सरबत, घाटावर लग्नाच्या पंगतीला जिलेबीबरोबर मठ्ठा, पुण्यात मस्तानी. एवढी विविधता डोळ्यांपुढे असताना नकाशा निघत नाही असं कसं म्हणायचं? आज लिहून ठेवलं नाही, तर वीस वर्षांनी सगळीकडे एकच इंग्रजी शब्द उरेल आणि आपण काय गमावलं हे कळायलाही पुरावा राहणार नाही."

दुकानदार ऐकून घेतो, पण त्याला हे पटत नाही. "गुरुजी, तुमचा नकाशा गावामागं एक शब्द मागतो. माझ्या गल्ल्यापुढं एकच माणूस दिवसभरात तीन शब्द वापरतो. एकटा आला तर म्हणतो, 'एक थम्सअप दे.' व्याही बरोबर असले की तोच म्हणतो, 'पाव्हण्यांना थंड काढ काहीतरी.' पोरीचं लग्न ठरलं की तोच सांगून जातो, 'कोल्ड्रिंकचे चार क्रेट लागतील.' आता या माणसाला तुम्ही कुठला रंग देणार? शाळा सुटल्यावर पोरगं येतं, नाणं पुढं करतं, 'पेप्सी' म्हणतं. मी त्याला बाटली देत नाही. नळीसारख्या प्लॅस्टिकात गोठवलेला रंगीत बर्फ काढतो, कात्रीनं टोक कापतो आणि हातात देतो. त्याला तेच पाहिजे असतं. 'बिसलेरी' मागणारा दुसऱ्याच नावाची पाण्याची बाटली घेऊन जातो, लेबल वाचतसुद्धा नाही. पण 'थम्सअप' मागणाऱ्याला दुसरा कोला दिला तर झाकण काढायच्या आत परत करतो. मनमाडकडनं, दौंडकडनं गाड्या येतात, शिर्डीची माणसं उतरतात. त्यांचे शब्द निराळे असतात, मान्य. पण ते गाडीबरोबर येतात आणि गाडीबरोबर जातात. इथल्या माणसाचा शब्द बदलतो तो समोर कोण उभं आहे ते बघून."

या लेखाचं मत दुकानदाराच्या बाजूचं आहे, आणि ते नुसत्या गल्ल्यावरच्या निरीक्षणावर टेकलेलं नाही. मुळात नाव कशाच्या विरुद्ध ठेवलंय ते पाहिलं पाहिजे. इंग्रजीतल्या 'सॉफ्ट ड्रिंक'मधल्या 'सॉफ्ट'ला अर्थ येतो तो 'हार्ड'मुळे. दारू ती कडक, आणि ज्यात दारू नाही ते मऊ. म्हणजे त्या नावाच्या पाठीमागे दारूचा गुत्ता उभा आहे. मराठीनं ते पेय घेतलं, पण ही जोडी घेतली नाही. आपल्याकडे प्रश्न असतो, "चहा घेणार की थंड?" इथे थंडाच्या समोर उभा आहे चहा, आणि दोन्ही एकाच पाहुण्यापुढे ठेवायच्या गोष्टी आहेत. विशेष म्हणजे ज्यांनी पाठ्यपुस्तकांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी संस्कृत वळणाचा शब्द घडवला, त्यांनीही 'मृदुपेय' केलं नाही, 'शीतपेय' केलं. जडजंबाल प्रतिशब्द घडवण्याची आपल्याकडे हौस काही कमी नव्हती, तरी या बाबतीत विद्वानांचा शब्द आणि ओट्यावरचा शब्द एकाच अर्थावर आला. तो अर्थ अगोदरच बोलण्यात पक्का झालेला होता, याहून दुसरं कारण मला दिसत नाही.

'सोडा' हा शब्द मराठीत आला नाही असंही नाही. तो आला, पण त्याच्यावर कामं फार पडली. खायचा सोडा भज्यांच्या पिठात गेला, धुण्याचा सोडा बादलीत गेला, कोकणात सुकवलेल्या कोळंबीचे सोडे आधीपासून होतेच. पिण्याचा सोडा पोट गच्च झालं की घ्यायचा, म्हणजे तो औषधाच्या अंगाला गेला. अशा शब्दाला सगळ्या गोड बाटल्यांचं सामान्यनाम व्हायला जागाच उरली नाही. बॉस्टनकडच्या जुन्या माणसांचा याच पेयासाठीचा 'टॉनिक' शब्द आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीत अडकला, तशातलाच हा प्रकार. ती मोकळी जागा मग एका साध्या विशेषणानं घेतली. 'थंड' हे विशेषण होतं, ते नपुंसकलिंगी नाम झालं: थंड मागवलं, थंड आलं, थंड घेतलं. विशेषण असं नाम होऊन बसतं तेव्हा त्याच्यापुढचा शब्द बोलायची गरज संपलेली असते, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला प्रसंग माहीत असतो.

आणि हा प्रसंग पाहुणचाराचा आहे. यजमान "थंड काहीतरी घ्या" म्हणतो, त्यातला 'काहीतरी' फार महत्त्वाचा आहे. त्यानं बाटलीचं नाव घेतलं, तर किंमत ठरते आणि पाहुण्याची निवडही ठरून जाते. न घेतलं, तर पाहुण्याचा मान राहतो. पाहुणाही लगेच नाव सांगत नाही, "कशाला उगाच, पाणी चालेल" म्हणतो, आणि दोनदा आग्रह झाल्यावर "बरं, लिंबाचं काही असेल तर" एवढ्यावर येतो. या देवाणघेवाणीत कंपनीचं नाव बसत नाही. तेच नाव स्वतःच्या खिशातून स्वतःसाठी घेताना बेधडक येतं, कारण तिथे मान राखायचा कुणाचा नसतो. म्हणून 'थम्सअप', 'थंड' आणि 'कोल्ड्रिंक' हे एकाच वस्तूचे तीन प्रदेशातले तीन शब्द नव्हेत. पहिला विकत घेणाऱ्याचा, दुसरा देणाऱ्याचा, तिसरा पाटीवरचा आणि हिशेबाच्या वहीतला.

आता पुणतांबा. गोदावरीच्या काठच्या या गावात चांगदेवांची समाधी आहे. त्यांची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव, त्यांनी कोवळ्या वयाच्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडले. चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं समोरचा मोठा. तीर्थरूप लिहावं तर वयानं लहान. शेवटी कागद कोराच धाडला, आणि उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. कथेतल्या वर्षांचा हिशेब बाजूला ठेवू. तिच्यातली अडचण अस्सल मराठी आहे. वस्तू समोर आहे, भाषा येते, तरीही नातं ठरेपर्यंत शब्द उमटत नाही. ज्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण यांतलं एक निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, त्या भाषेत बाटलीचं नावही माणूस पाहून निघत असेल तर त्यात नवल कसलं?

गुरुजींचा पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो वजनदार आहे. "चांगदेवांची अडचण मानाची होती, भाऊ. बाटलीचा मामला पैशाचा आहे. नावं ठरवतात कंपन्या. १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून कोका-कोला देश सोडून गेली. त्याच वर्षी पार्लेनं थम्सअप आणलं आणि सरकारनं स्वतःचा 'डबल सेव्हन' काढला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि पार्लेची थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट सगळी विकत घेऊन बसली. पुढे २००२-०३च्या सुमारास आमिर खानला पुढे करून 'थंडा मतलब कोका-कोला' अशी जाहिरात घरोघर पोचवली. तुमचा पाहुणचाराचा शब्दसुद्धा त्यांनी विकत घेतला. मग नात्याबित्याचं काय घेऊन बसलात?"

हा इतिहास खरा आहे, पण तो उलट बाजूनं साक्ष देतो. लोकांच्या तोंडी 'थंडा' आधीच नसता, तर कंपनीला तो पकडायची गरज पडली नसती. एवढ्या मोठ्या धंद्याला आपलं नाव सामान्यनाम करता आलं नाही म्हणून त्यांनी सामान्यनामाच्या गळ्यात आपलं नाव बांधून पाहिलं. अमेरिकेच्या दक्षिणेत जे आपोआप झालं, ते इथे जाहिरात करूनही झालं नाही, आजही कुणी "कोणता कोक घेणार, संत्र्याचा की लिंबाचा?" असं विचारत नाही. 'डबल सेव्हन' तर सरकारी नाव असूनही काही वर्षांतच बाजारातून गेला. गोल्डस्पॉट गेलं. मुंबईच्या ड्यूक्सनं १८८९ पासून बाटल्या भरल्या, त्यांचा मँगोला मुंबईकरांच्या जिभेवर होता, आणि १९९४ मध्ये ती कंपनीही पेप्सीकडे गेली. या सगळ्या येण्याजाण्यात 'थंड' जागचं हललं नाही, कारण त्याचा आधार बाटलीवर नव्हताच. सरकारलाही बाटलीला नाव द्यावं लागतं, तेव्हा ते आपल्या कामापुरतं देतं: २०१७ च्या वस्तू व सेवा करात पेयाला हवा भरलेली आहे का एवढं पाहून २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर लावला, आणि फळाच्या गराचं पेय वेगळ्या खणात ठेवलं. करवसुलीचंही एक नातंच असतं म्हणायचं.

दुसरा आक्षेप 'कोल्ड्रिंक'चा. गुरुजींना वाटतं की हा शब्द उरलेल्या सगळ्यांना गिळून टाकील. भीती समजण्यासारखी आहे, तरी मला ती पटत नाही. 'कोल्ड्रिंक' आता इंग्रजी राहिलेलं नाही. दोन शब्दांचा एक झाला, 'ड'ला 'ड' जुळून गेला, 'ते' लागून नपुंसकलिंग मिळालं, 'कोल्ड्रिंकच्या', 'कोल्ड्रिंकला' अशी विभक्ती चढली. असा शब्द पाटीवर आणि वहीत राहतो. तो यजमानाच्या तोंडी येतो तेव्हाही बहुधा "चहा-कोल्ड्रिंक काय घेणार?" अशा जोडीनंच येतो, म्हणजे चहाच्या समोरची जागा तो 'थंड'कडून उसनी घेतो. 'थंड' आणि 'थंडा' यांतला फरक मात्र प्रदेशाचा आहे, हे गुरुजींना द्यायलाच हवं. तो हिंदीच्या शेजारानं पडला आहे, आणि नकाशावर दाखवता येईल. फक्त त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना प्रश्न तोच आहे आणि समोर चहाच आहे.

गुरुजींचा खरा हुकमाचा पत्ता गोटी सोडा. "हे तर नक्की प्रदेशाचं नाव आहे ना? आपल्याकडे आणि गुजरातेत गोटी, तमिळ मुलखात गोली, दिल्लीत बंटा. आता सांगा." बाटली हातात घेऊनच उत्तर द्यावं लागेल. हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. मानेत रबराची कडी, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरतात, आणि आतल्या वायूच्या दाबानं गोटी वर कडीला घट्ट चिकटून तीच बूच होते. अंगठ्यानं किंवा लाकडी दट्ट्यानं दाबली की फस्स करून ती खाली पडते, आणि मानेतल्या चिमटीत अडकून बसते म्हणून पिताना तोंडाशी येत नाही. जिथे जिथे ही बाटली गेली, तिथे पोरांनी आत काय पाहिलं? आपल्या खेळातली गोटी. तमिळ पोरानं गोली पाहिली, दिल्लीच्या पोरानं बंटा. म्हणजे नावं प्रदेशाप्रमाणे बदलली ती गोट्यांच्या खेळाच्या शब्दांची. पेयाला ती नुसती चिकटली. नकाशा काढायचाच तर तो गोट्यांचा काढावा, आणि तो फार सुंदर निघेल.

यातून एक गोष्ट हाती लागते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. गुरुजींनी सुरुवातीला जी यादी दिली, तिच्यात दोन जातींची पेयं मिसळली होती. कोकम सरबत, सोलकढी, पन्हं, मठ्ठा, उसाचा रस यांची नावं प्रदेशाशी घट्ट बांधलेली आहेत, कारण ती पेयंच त्या मातीतून येतात. रातांबा कोकणात होतो म्हणून कोकमचा आगळ कोकणात. बाटली मात्र रेल्वेच्या डब्यातून, ट्रकच्या क्रेटमधून आली. तिला माती नव्हती. जिला माती नाही तिला प्रदेश नाव देऊ शकत नाही, म्हणून ते काम माणसामाणसांतल्या संबंधानं केलं. अमेरिकेत तसं झालं नाही, कारण तिथे बाटलीलाही गाव होतं, अटलांटा.

इथे गुरुजी गप्प बसत नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. "मग भाऊ, हे अजून वाईट झालं. पुणतांबा उसाच्या पट्ट्यात. गावाजवळ चांगदेवनगरचा कारखाना झाला, तिकडे प्रवरेला १९५० साली विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी कारखाना उभा केला. नेहमीच्या कोलात दर १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे आपलीच साखर बाटलीत जाऊन 'थंड' होऊन पाहुण्यापुढे येते, आणि आपला रस 'थंड' या शब्दात बसतच नाही. हा त्या शब्दाचा अन्याय नाही का?"

अन्याय म्हणण्याआधी रसाकडे नीट बघावं. त्याला स्वतःचं घर आहे, रसवंतीगृह, आणि घराला देवाचं नाव आहे: नवनाथ, कानिफनाथ. कानिफनाथांची समाधी पुणतांब्याच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला. लाकडी चरकाला बैल जुंपलेला असे तेव्हा फिरणाऱ्या दांड्याला घुंगरं असत. चरक लोखंडी झाला, इंजिनावर आणि मोटारीवर चालू लागला, तरी घुंगरं चाकाला बांधलेलीच राहिली. रस्त्यानं जाणाऱ्याला पाटी वाचायच्या आधी आवाज ऐकू येतो. इतकं ज्याचं आपलं आहे, त्याला 'थंड' या मोघम शब्दात शिरायची गरज काय? "रस घेऊ या" म्हणणारा त्याचं नाव घेऊनच म्हणतो. 'थंड' हा शब्द बिननावाच्यांचा आसरा आहे.

तरी गुरुजींच्या दुखण्यात तथ्य आहे, आणि ते दुधाकडे वळलं की जास्तच जाणवतं. एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेनं संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून शेतकरी संपावर गेले; राज्यभर रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. ज्या गावातून तो संप उठला, तिथे बाटलीवर छापील किंमत असते आणि दुधाला भाव मागावा लागतो, ही गोष्ट कुठल्याही शब्दानं झाकता येणार नाही. पण शब्दावर तिचं खापर फोडणंही बरोबर नाही. त्याचा पुरावा दुकानदाराच्या फ्रिजमध्येच आहे. वरच्या फळीवर कोला, खालच्या फळीवर डेअऱ्यांचं पाकिटातलं ताक. तेच गार, तेच प्लॅस्टिक, तशीच छापील किंमत. 'थंड' या शब्दाला हवं ते सगळं त्या पाकिटाजवळ आहे. तरी गिऱ्हाईक "थंड दे" म्हणून ते उचलत नाही, "ताक आहे का?" असंच विचारतं. आणि पाहुण्याला दिलं तरी यजमान सांगतो, "ताक घ्या, गार आहे."